ओकायामाचे कोराकुएन : हिरवळीमागचा इतिहास

जपानी बाग म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर क्योतोच्या र्‍योआन-जी मंदिरातली पांढऱ्या खडीची, मोजक्या दगडांची कोरडी बाग येते. त्या कल्पनेने ओकायामाचे कोराकुएन पाहायला गेलेला माणूस आधी बुचकळ्यात पडतो, कारण इथे सुमारे १३ हेक्टरांच्या आवारात मोकळी हिरवळ पसरलेली आहे, जवळच भाताचे खाचर आहे आणि चहाचा लहानसा मळाही आहे.

दगड-पाण्याच्या मांडणीचे शास्त्र जपानमध्ये जुने आहे. अकराव्या शतकातल्या ‘साकुतेइकी’ या ग्रंथात, आधी बसवलेल्या दगडाचा कल ओळखून पुढचा दगड ठेवावा, असे सांगितले आहे. पुढे झेन मठांनी बागेला चिंतनाची जागा बनवले. एदो काळात (१६०३ ते १८६८) मात्र प्रांतोप्रांतीचे सरदार, म्हणजे दाइम्यो, मोठ्या बागा करू लागले आणि त्यांना त्या पाहुण्यांच्या सरबराईसाठी, करमणुकीसाठी आणि फिरता फिरता बदलणारे देखावे पाहण्यासाठी हव्या होत्या.

ओकायामाचा दाइम्यो इकेदा त्सुनामासा याने किल्ल्यासमोर, असाही नदीच्या पलीकडे, १६८७ मध्ये काम सुरू करवले. १७०० मध्ये ते पुरे झाले. जबाबदारी होती त्सुदा नागातादा या कारभाऱ्याकडे. समुद्र हटवून शेतजमीन करणे आणि पुराचे पाणी वळवणे ही त्याची खरी ख्याती, आणि बागेतले पाणी पाहताना ती आठवल्याशिवाय राहत नाही. सुमारे ६४० मीटर लांबीचा ओहोळ वळणे घेत आवारभर फिरतो. र्‍युतेन नावाच्या विश्रांतिगृहात तर तो थेट तळमजल्याच्या मधून वाहतो : दोन्ही बाजूंना लाकडी बैठक आणि मधल्या उथळ प्रवाहात सहा निवडक दगड.

त्सुनामासाच्या काळात बाग मुख्यतः एन्योतेई या वाड्यात बसून पाहायची होती. तिथून तळे, हिरवळ आणि आवाराबाहेरचा मिसाओ डोंगर एकाच नजरेत येतात. बाहेरचा डोंगर असा आपल्या देखाव्यात सामील करून घेणे ही जपानी बागांची आवडती युक्ती आहे. त्याचा मुलगा त्सुगुमासा याने सुमारे सहा मीटर उंचीची युइशिनझान टेकडी रचली. सपाट बागेला त्यामुळे चढ-उतार मिळाला आणि बसून पाहण्याइतकेच चालत पाहण्याला महत्त्व आले. सुरुवातीला आवारात शेतीही आजच्यापेक्षा बरीच जास्त होती. अठराव्या शतकात संस्थानाला काटकसर करावी लागली, तेव्हा हिरवळ मोडून काही काळ पुन्हा शेते केली गेली.

संस्थाने गेल्यावर १८८४ मध्ये बाग ओकायामा प्रांताकडे आली आणि सर्वांसाठी खुली झाली. १९३४ चा पूर आणि १९४५ ची बाँबफेक यांत तिचे मोठे नुकसान झाले; एदो काळातली चित्रे आणि नकाशे जपलेले असल्यामुळेच ती जुन्या मांडणीप्रमाणे उभी करता आली. आजचे एन्योतेई १९६० मधले, आणि मागे दिसणारा किल्ल्याचा काळा मनोरा १९६६ मधला, तोही काँक्रीटचा! पण इमारती नव्या असल्या तरी त्यांच्या जागा जुन्याच आहेत, आणि बागेच्या रचनेत जागेलाच जास्त किंमत असते.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरचे सुमारे १० एकरांचे पु. ल. देशपांडे उद्यान, अर्थात पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, याच बागेवर बेतलेले आहे. तिथली ऐसपैस हिरवळ आणि खेळवलेले पाणी म्हणूनच क्योतोच्या मठांकडून न येता दाइम्योंच्या परंपरेतून आले आहे.