इराणी गालिचा घेताना आणि वापरताना

गालिचा उलगडून दाखवला की बहुतेक ग्राहक आधी विचारतात, "इंचात गाठी किती?" हे विचारायलाच हवे, पण त्याआधी लोकर आणि रंग पाहावेत असे आमचे ठाम मत आहे. गालिचा किती पिढ्या चालेल हे मुख्यतः त्यांवर ठरते.

इराणच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांची, वसंतात कातरलेली लोकर उत्तम समजतात. तिच्यात नैसर्गिक तेलकटपणा असतो. त्यामुळे मळ चटकन मुरत नाही आणि पायाखाली लव, म्हणजे गाठींतून वर आलेले तंतू, चकाकत जाते. कोकराच्या मानेवरच्या व छातीवरच्या मऊ लोकरीला तिकडे 'कुर्क' म्हणतात. मेलेल्या जनावराच्या कातड्यावरून चुन्याने सोडवलेली लोकर मात्र कोरडी आणि ठिसूळ असते. तळहात लवेवरून दोन-चार वेळा जोराने फिरवा. हाताला कोरडे, चरचरीत लागले आणि तंतू तुटून येत राहिले, तर गाठी कितीही बारीक असोत, आम्ही तो गालिचा सुचवणार नाही.

लाल रंग रुनासच्या मुळांचा. ही वनस्पती आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली. निळा रंग निळीचा, आणि ती एके काळी भारतातूनही इराणात जात असे. पिवळ्यासाठी इस्परक ही वनस्पती किंवा डाळिंबाची साल, तपकिरीसाठी अक्रोडाची हिरवी साल. रंग लोकरीत पक्का बसावा म्हणून आधी तुरटीचे पाणी देतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातून स्वस्त रासायनिक रंग आले. ते इतके फिके पडत की इराणवर तेव्हा राज्य करणाऱ्या काजार घराण्याच्या सरकारने त्यांवर बंदी घातली. आजचे चांगले रासायनिक रंग टिकाऊ आहेत, तेव्हा रासायनिक म्हणजे वाईट असे समजू नये. एकाच निळ्या पट्ट्यात कुठे गडद, कुठे फिकट छटा दिसली तर तो 'अब्राश'. रंगवलेल्या लोकरीचा एक घाणा संपून दुसरा सुरू झाल्याची ती खूण आहे. ग्राहक तिला दोष समजतात, आम्हाला ती फार आवडते.

आता गाठी. तुर्की गाठीत लोकरीचा धागा ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या, दोन्ही धाग्यांना वेढतो. फारसी गाठीत तो एकाला वेढा घालून दुसऱ्याच्या नुसता मागून जातो. तब्रीझमध्ये तुर्की गाठ चालते. काशान, इस्फहान आणि केरमानमध्ये फारसी. गाठींची एक ओळ झाली की बाण्याचे, म्हणजे आडवे, धागे घालून जड फणीने ठोकतात आणि पुढची ओळ सुरू होते. तब्रीझमध्ये सात सेंटिमीटर रुंदीत किती गाठी बसतात त्याला 'राज' म्हणतात. 50 राजच्या गालिच्यात एका चौरस मीटरला पाच लाखांहून जास्त गाठी येतात. काही ठिकाणी दोनऐवजी चार धाग्यांवर एक गाठ मारून मेहनत वाचवतात. ही 'जुफ्ती' गाठ. तिची लव विरळ राहते आणि लवकर झिजते. याउलट फार्स प्रांतातल्या काश्काई जमातीच्या बायकांनी जमिनीवरच्या मागावर विणलेल्या 'गब्बा' नावाच्या जाड गालिच्यात गाठी कमीच असतात, पण लोकर अस्सल असेल तर तो घरात वर्षानुवर्षे सुखाने नांदतो. फार्स आणि काशानची विणकला युनेस्कोने 2010 मध्ये आपल्या वारसा यादीत घेतली.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबीलचा गालिचा आमचे म्हणणे पटवून देईल. इराणच्या साफवी राजघराण्याच्या काळातल्या या गालिच्यावर हिजरी 946, म्हणजे इसवी 1539-40 हे साल आणि मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. लांबी साडेदहा मीटर, ताणा-बाणा रेशमी, लव लोकरीची, आणि रंग फक्त दहा. चौरस इंचाला गाठी सुमारे 340. इराणमधल्या कोम शहराचे आजचे रेशमी गालिचे याहून कितीतरी बारीक असतात, तरी याच्या तोडीचा गालिचा सापडणे कठीण. त्याच्या जोडीचा गालिचा कापून त्या तुकड्यांनी याची डागडुजी केली होती. उरलेला आता लॉस एंजेलिसला आहे. दुरुस्तीचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे वाचताना आजही वाईट वाटते.

हाताने विणलेला गालिचा ओळखायचा तर उलटा करून पाहा. मागेही नक्षी स्पष्ट दिसायला हवी. पाठीला डिंक लावून कापड चिकटवलेले असेल तर तो गाठींचा नाही. दोन टोकांच्या दशा ताण्याच्याच धाग्यांच्या असतात. वेगळ्या शिवलेल्या दिसल्या तर नीट चौकशी करा.

दोरीवर टाकून काठीने बडवू नका, त्याने ताणा तुटतो. झाडताना लवेच्या दिशेनेच झाडा. चहा सांडला तर लगेच पांढऱ्या सुती कापडाने टिपा. चोळू नका, गरम पाणी तर नकोच. पावसाळ्यात फरशीला ओल येत असेल तर गालिचा उचलून, घडी न घालता गुंडाळा आणि सुती चादरीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते. कपाटाखाली दबलेल्या अंधाऱ्या कोपऱ्यात कसर आधी लागते, तो भाग महिन्यातून एकदा उलटून पाहा.

दुरुस्तीला आणताना उसवलेले धागे किंवा निघालेला तुकडा फेकू नका, सोबत आणा. त्याच लोकरीशी रंग जुळवून नव्या गाठी मारता येतात.