कम्युनिटी कॉलेज

कम्युनिटी कॉलेज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, बहुधा सार्वजनिक निधीवर चालणारे दोन वर्षांचे महाविद्यालय. शालेय शिक्षण पूर्ण केलेल्या कोणालाही येथे सहसा प्रवेश मिळतो व शेवटी सहयोगी पदवी (असोसिएट डिग्री, दोन वर्षांची पदवी) वा प्रमाणपत्र दिले जाते. आरंभी यास ज्युनिअर कॉलेज म्हणत. महाराष्ट्रातील अकरावी-बारावीच्या कनिष्ठ महाविद्यालयाशी त्याचा संबंध नाही. आजचे नाव राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षणविषयक आयोगाच्या १९४७ च्या अहवालानंतर रूढ झाले.

या संस्थेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये जे. स्टॅन्ली ब्राऊन यांनी शाळेला जोडून सुरू केलेले वर्ग हे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज मानण्याचा प्रघात आहे. तथापि शाळेच्या विश्वस्तांची औपचारिक मंजुरी १९०२ च्या अखेरची असून जोलिएट ज्युनिअर कॉलेज हे नाव त्यानंतर दशकभराहून अधिक काळाने आले. त्यामुळे १९०१ हे वर्ष मागाहून ठरवलेले दिसते. खासगी संस्था जमेस धरल्यास शिकागोतील लुईस इन्स्टिट्यूट (१८९६) आधीची ठरते. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९२ मध्येच पदवीची चार वर्षे दोन भागांत विभागली होती. विद्यापीठाने संशोधनाकडे वळावे आणि पहिली दोन वर्षे इतरांवर सोपवावीत, हा विचार मिशिगन विद्यापीठाचे हेन्री टॅपन यांनी त्याहीपूर्वी मांडला होता. म्हणून काही अभ्यासक याला विद्यापीठांनी वरून लादलेली व्यवस्था मानतात. इतरांच्या मते घराजवळ स्वस्त शिक्षण हवे, ही गावोगावची मागणीच मूळ कारण होती. कॅलिफोर्नियाच्या १९०७ च्या कायद्याने माध्यमिक शाळांना पुढील वर्ग काढण्याची मुभा दिली. त्या राज्यातील जलद विस्तार पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

परिचर्या (नर्सिंग) हा येथील सर्वांत प्रतिष्ठित व्यवसाय-अभ्यासक्रम. मिल्ड्रेड मॉन्टॅग यांनी १९५१ च्या प्रबंधात दोन वर्षांच्या ‘परिचर्या-तंत्रज्ञा’ची कल्पना मांडली आणि १९५२ पासून सात महाविद्यालयांत तिचा प्रयोग झाला. व्यावसायिक परिचारिका आणि साहाय्यक यांच्यामध्ये एक पायरी निर्माण करणे, हा मूळ हेतू होता. पण या विद्यार्थिनींना नोंदणीची तीच परीक्षा देता आली आणि मधली पायरी व्यवहारात विरून गेली. आजही सहयोगी पदवी आणि चार वर्षांची पदवी यांना एकच परवाना-परीक्षा आहे. व्यावसायिक परिचर्येसाठी चार वर्षांची पदवी किमान असावी, असा पवित्रा अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्ये घेतला. तो प्रत्यक्षात आणणाऱ्या नॉर्थ डकोटा राज्याने २००३ मध्ये माघार घेतली. न्यूयॉर्क राज्याने मात्र २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना दहा वर्षांत चार वर्षांची पदवी मिळवण्याची अट घातली. ‘दोन वर्षांचा’ हे विशेषणही सैलच. पूर्वतयारीचे विषय धरता बहुतेकींना तीनएक वर्षे लागतात.

रोबॉटिक्सचे शिक्षण सहसा मेकॅट्रॉनिक्स (यांत्रिकी व इलेक्ट्रॉनिकी यांचा मेळ) वा स्वयंचलन या नावाखाली दिले जाते. भर यंत्रमानव घडवण्यावर नसून तो चालता ठेवण्यावर असतो : पीएलसी या यंत्रनियंत्रक संगणकाचे लॅडर लॉजिक (शिडीसारख्या आकृतीत लिहिलेली आज्ञावली), संवेदक, नेमकी हालचाल करणाऱ्या सर्व्हो मोटारी, दोषशोधन. यांत्रिक हाताला हालचाल शिकवताना विद्यार्थी हातातल्या टीच पेंडंटची (नियंत्रण-फलकाची) कळ मध्यम दाबाने धरून ठेवतो. ती सोडली किंवा घाबरून घट्ट आवळली, तरी हात थांबतो. अशा तंत्रशिक्षणाला १९९२ च्या केंद्रीय कायद्यानंतर नॅशनल सायन्स फाउंडेशन या विज्ञानाला निधी देणाऱ्या केंद्रीय संस्थेचे साहाय्य मिळू लागले.

मानसशास्त्र मुख्यतः विद्यापीठात जाण्याची शिडी म्हणून घेतले जाते. या सहयोगी पदवीवर मानसशास्त्रज्ञाचा परवाना मिळत नाही. कॅलिफोर्नियाने २०१० च्या कायद्याने येथून विद्यापीठात जाण्यासाठीच्या खास सहयोगी पदव्या निर्माण केल्या; त्यांत हा विषयही आहे. मात्र विद्यापीठाची आस धरलेल्यांना हळूहळू दुसऱ्या वाटेला वळवणे हेही या महाविद्यालयांचे अलिखित कार्य असल्याचे निरीक्षण समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच नोंदवले होते.

भारतात पुदुच्चेरी येथे १९९५ मध्ये व पुढे तमिळनाडूत अशी महाविद्यालये निघाली. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने त्यांसाठी योजना आखली. परिचर्येची अमेरिकी वाट मात्र येथे नाही. नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) ही पदविका वा बी.एस्सी. नर्सिंगच करावे लागते.