बोटीच्या भिंतींना घाम फुटतो तेव्हा

थंडीच्या दिवसांत शिडाच्या लहान बोटीत झोपलेल्या माणसाला पहाटे जाग येते ती बहुतेक वेळा कपाळावर पडलेल्या थेंबाने. आधी वाटते, डेक गळतोय. हात वर नेऊन चाचपले की कळते, हे पाणी बाहेरचे नाही. हॅचच्या, म्हणजे डेकमधल्या झाकणाच्या खिडकीच्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीवर रात्रभर साचलेला तो आपलाच श्वास असतो.

बोटीत हीटर किंवा एसी बसवण्याचा विचार करणाऱ्याने या थेंबापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. घरात आपला झगडा तापमानाशी असतो. बोटीत तो मुख्यतः बाष्पाशी असतो, आणि हे ध्यानात न घेता आणलेले महागडे यंत्रही निराशा करते.

आकडे पाहा. 20 अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 17 ग्रॅम बाष्प मावते. 5 अंशांच्या हवेत 7 ग्रॅमसुद्धा नाही. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण 40 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे आठ तास झोपली, तर 600 ग्रॅमच्या वर. लहान बोटीची केबिन जेमतेम 20 घनमीटरची धरली, तर तिच्यातल्या हवेची सगळी ऐपत 350 ग्रॅमच्या आसपास. उरलेले पाणी सर्वांत गार पृष्ठभाग शोधते आणि तिथे दव होऊन बसते. हॅचची चौकट, खिडकीची काच, गादीमागची बोटीची भिंत. बुरशी धरते ती याच गादीमागे.

ध्रुवीय प्रवाशांना हा त्रास चांगलाच ठाऊक होता. केबिनच्या थंड भिंतींवर दव धरायचे, ते गोठायचे किंवा ओघळून बिछान्यात उतरायचे. नॉर्वेच्या फ्रिट्योफ नान्सेनने 1893 मध्ये उत्तर ध्रुवाकडे नेलेले ‘फ्राम’ हे शिडांचे जहाज बांधताना मोठी मेहनत घेतली गेली ती भिंतींवर. डांबर लावलेले फेल्ट, बूच, लाकडाच्या फळ्या, लिनोलियम, छतात तर रेनडियरचे केस असे थरावर थर रचले गेले. वरच्या झरोक्याला एकात एक अशा तीन काचा होत्या. शेगडीचा विचार करण्याआधी नान्सेनने भिंत उबदार राहील याची तजवीज केली. आजच्या बोटीलाही हाच क्रम लागू पडतो.

ॲल्युमिनियम उष्णता सहज वाहून नेते. फायबरग्लास ती त्याच्या शेकडो पटींनी कमी नेतो, पण बोटीची भिंत असते काही मिलिमीटरची, त्यामुळे त्या गुणाचा फारसा उपयोग होत नाही. बंद छिद्रांचा 25 मिलिमीटर फोम आतून चिकटवला, तर भिंतीतून होणारी उष्णतेची गळती चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येते. शिवाय भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या, म्हणजे बाष्पाचे दव होऊ लागते त्या तापमानाच्या, वर राहते आणि घाम फुटायचा थांबतो. फोम मात्र भिंतीला सर्वत्र घट्ट चिकटलेला हवा. मागे फट राहिली, तर दव तिथे धरेल आणि ते दिसणारही नाही.

फोमच्या जोडीला हवा खेळती हवी. पाणी अडवून हवा आत सोडणाऱ्या डोराड पेटीला हे नाव 1930 साली बांधलेल्या ‘डोराड’ या शर्यतीच्या यॉटवरून पडले. तिच्यात हवेचा भोंगा एका पेटीवर बसवतात. भोंग्यातून आलेले पाणी पेटीच्या तळाशी पडून डेकवर वाहून जाते आणि पेटीतल्या उंच नळीतून फक्त हवा खाली उतरते. हीटर असो वा नसो, ही पेटी मी बंद करू देणार नाही.

आता हीटर. सर्वांत स्वस्त वाटणारा उपाय म्हणजे उघड्या ज्योतीची गॅस शेगडी, आणि तोच सर्वांत वाईट. एक किलो प्रोपेन जळला की 1.6 किलो पाणी तयार होते. धुराडे नसेल, तर ते सगळे केबिनच्या हवेत मिसळते. म्हणजे ऊब मिळते, पण भिंतींचा घाम वाढतो. वर कार्बन मोनॉक्साइडची टांगती तलवार. हा वायू ऑक्सिजनच्या 200 पटींहून अधिक घट्टपणे हिमोग्लोबिनला चिकटतो; त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतला माणूस उठतच नाही.

म्हणून बोटीवर ज्वलन नेहमी बंदिस्त असावे: जळायला लागणारी हवा बाहेरून, धूर बाहेर, केबिनमध्ये फक्त कोरडी ऊब. गरम हवा सोडणारे डिझेल हीटर हेच करतात. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 10 युनिट ऊर्जा असते. 2 किलोवॅटचा हीटर पूर्ण जोरात तासाला पाव लिटर डिझेल पितो आणि एकदा पेटला की पंख्यासाठी त्याला 20-30 वॅट वीज पुरते. रात्रभरासाठी दोन लिटर डिझेल आणि पाव युनिटही न लागणारी वीज. नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीला हे परवडते.

इथेच बहुतेक जण एक चूक करतात: गरजेपेक्षा मोठा हीटर घेतात. तो सतत मंद आचेवर चालतो, इंधन नीट जळत नाही आणि आत काजळी साचते. लहान हीटर पूर्ण जोरात चालवणे हे मोठा हीटर रेंगाळत ठेवण्यापेक्षा केव्हाही चांगले.

एसीच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या वाटेने अंगलट येते. अमेरिकन अभियंता विलिस कॅरिअरने 1902 मध्ये आजच्या एसीचा पूर्वज ठरलेल्या यंत्राचा आराखडा काढला तो माणसांच्या सुखासाठी नव्हता. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जागेवर बसत नव्हते. हवेतले बाष्प काढणे हा त्या यंत्राचा उद्देश होता. आजही दमट हवेतल्या एसीची बरीच शक्ती बाष्पाचे पाणी करण्यातच खर्च होते. तासाला एक लिटर पाणी गाळायचे, तर त्याची अप्रकट उष्णता, म्हणजे बाष्पाचे पाणी होताना सुटणारी उष्णता, काढायलाच जवळपास 700 वॅट शीतनशक्ती लागते. मोठा एसी हवा झटपट गार करतो आणि थांबतो. बाष्प काढायला त्याला वेळच मिळत नाही. केबिन गार आणि चिकट राहते. जरा लहान, पण बराच वेळ चालणारे यंत्र खरी कोरडी हवा देते. यंत्र निवडण्याआधी हॅचवर बाहेरून पांढरे कापड टाकावे. भर दुपारी अर्धा मीटर बाय अर्धा मीटरच्या हॅचमधून अडीचशे वॅटपर्यंत ऊन आत येते. ते काचेबाहेरच अडवले पाहिजे.

बोटीच्या एसीची खरी गंमत तिच्या खाली आहे. घरातला एसी उष्णता हवेत फेकतो, बोटीतला समुद्रात. एका घनमीटर पाण्यात हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता मावते, म्हणून कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा भाग, लहानसा असून भागते. एक टनाच्या यंत्राला मिनिटाला 12-13 लिटर समुद्राचे पाणी फिरवावे लागते आणि तेवढ्यात ते पाणी पाचेक अंशांनीच तापते. झडप फिरवून चक्र उलटे केले, की तेच यंत्र समुद्रातली उष्णता उपसून केबिनमध्ये आणते. मात्र पाणी 5 अंशांखाली गेले, की कंडेन्सरच्या नळीतच ते गोठण्याचा धोका असतो. अशा थंड पाण्यात डिझेल हीटरला पर्याय नाही.

विजेचा हिशेब कठोर आहे. सर्वांत लहान, 5000 बीटीयूचा (म्हणजे अर्ध्या टनाहूनही कमी) एसीसुद्धा पंपासकट 500 वॅटच्या आसपास खातो. आठ तास सलग चालला, तर 4 युनिट. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतून तिला इजा न करता सहाशे वॅट-तासच काढता येतात; म्हणजे अशा सात बॅटऱ्या. म्हणून एसी हे मुख्यतः धक्क्यावरच्या विजेचे सुख आहे, आणि नांगरावर डेकवर ताणलेली कनात व हॅचमधून वारा आत वळवणारे कापडी शीड यांची किंमत जास्त.

बसवताना सगळे लक्ष पाण्याच्या वाटेवर द्यावे. एसीला समुद्राचे पाणी पुरवणारा पंप स्वतःहून पाणी ओढू शकत नाही, म्हणून तो पाण्याच्या पातळीखालीच हवा. पाणी घेण्याच्या तोंडापासून झडप, गाळणी, पंप, कंडेन्सर अशी नळी सलग चढत जावी. मध्ये एक जरी वेटोळे खाली आले-वर गेले, तर तिथे हवा अडकते आणि प्रवाह तुटतो. हे तोंड तळाच्या मध्यरेषेजवळ असावे. ते कडेला असले, तर शिडात वारा भरून बोट कलली की पाण्याबाहेर येते. हीटरच्या धुराड्याचेही तसेच: बोट कलून लाट आत शिरू नये म्हणून नळीला भिंतीपाशी उंच वेटोळे द्यावे, आणि शेकडो अंश तापणारी ती नळी उष्णतारोधक पट्टीने गुंडाळावी. गार हवा वरून सोडावी, गरम हवा पायाशी. एसीने गाळलेले पाणी बोटीच्या तळात सोडण्याची सोय सोपी वाटते, पण तिथून ते पुन्हा वाफ होऊन हवेत येते. त्याला वेगळा हौद आणि पंप द्यावा, आणि एसीखाली ते पाणी झेलणाऱ्या ताटलीला दोन्ही टोकांना निचरा, म्हणजे बोट कोणत्याही अंगाला कलली तरी पाणी सांडत नाही.

यंत्र सुरू झाल्यावर आधी बोटीच्या बाजूने पडणारी पाण्याची धार पाहावी. पाणी बाहेर सोडण्याचे तोंड समुद्राच्या पातळीच्या थोडे वर ठेवतात ते याचसाठी: धार बारीक झाली, तर गाळणीत शेवाळ किंवा जेलीफिश अडकलेला असतो. मग उशाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा, आणि केबिनमध्ये आर्द्रतामापक. आर्द्रतामापक मी केबिनच्या मधोमध लावत नाही, गादीच्या मागे, बोटीच्या भिंतीला चिकटून ठेवतो. तिथला आकडा सकाळी 65 टक्क्यांच्या खाली असला, तर ती रात्र कोरडी गेली.