पन्नास मिलिमीटर आहे, हे कुणी सांगितलं?

अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका गाळ्यात शाफ्ट, म्हणजे यंत्रातला गोल दांडा, तपासायचं फिक्श्चर, म्हणजे तो धरून ठेवणारी चौकट आहे. पन्नास मिलिमीटरचा शाफ्ट ठेवला की मोजणाऱ्या आठ नळ्या, म्हणजे प्रोब, त्याला येऊन टेकतात आणि पडद्यावर आठ आकडे उमटतात, दशांशचिन्हापुढे चार-चार घरांचे. बघणाऱ्याला वाटतं, एवढं बारीक मोजतंय म्हणजे बरोबरच असणार. मी कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजणारी साधनं बरोबर मोजतात का ते तपासून जुळवायचं काम करतो आणि माझा सगळा दिवस या 'बरोबरच असणार'ची शहानिशा करण्यात जातो.

आधी प्रोबच्या आत डोकावू. पेन्सिलीएवढ्या नळीत तीन कॉइल असतात. मधल्या कॉइलला सेकंदाला काही हजार वेळा दिशा बदलणारा वीजप्रवाह दिलेला असतो. दोन्ही बाजूंच्या कॉइल एकमेकींविरुद्ध जोडलेल्या असतात. या तिघींच्या पोकळीत लोहमिश्रित धातूची एक कांडी मागेपुढे सरकते. कांडी बरोबर मध्ये असली की दोन्हीकडचा व्होल्टेज सारखा, एकातून एक वजा केला की शून्य. कांडी केसभर जरी सरकली तरी एका कॉइलचं पारडं जड होतं. कांडी कॉइलला कुठेही घासत नाही, त्यामुळे लाखो शाफ्ट तपासूनही आतली झीज जवळपास नाही. याला एलव्हीडीटी म्हणतात. इतक्या साध्या तत्त्वावर इतकं नाजूक काम होतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

पण ही नळी व्होल्टेज देते, मिलिमीटर नाही. त्या व्होल्टेजचं मिलिमीटर करायचं काम तिला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक डबीचं, म्हणजे मॉड्यूलचं. पूर्वी प्रत्येक प्रोबची वायर थेट पॅनेलपर्यंत जायची आणि वाटेत मोटरचा, वेल्डिंगचा उपद्रव उचलून आणायची. आता मॉड्यूल प्रोबजवळच आकडा तयार करतं. आठही मॉड्यूल आरएस-485 या पद्धतीच्या, म्हणजे अनेक उपकरणांना एकत्र जोडणाऱ्या एकाच केबलवर बसतात, प्रत्येकाला स्वतःचा पत्ता, आणि संगणक एकेकाला विचारत जातो. शाफ्ट फिरत असेल तर आठही वाचनं एकाच क्षणाची हवीत, म्हणून आधी सगळ्यांना 'आत्ता धरून ठेवा' असा हुकूम जातो आणि मग सावकाश आकडे गोळा होतात. प्रोबच्या 2 मिलिमीटर चालीचे 16 बिटमध्ये 65,536 भाग पडतात, म्हणजे एक पायरी एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या) सुमारे तेहतिसाव्या भागाची. मात्र नेटवर्क चुकीचा आकडासुद्धा तितक्याच इमानाने पोचवतं.

मग खरं काय ते ठरवायचं कशावरून? स्लिप गेजवरून, म्हणजे नेमक्या मापाच्या पोलादी ठोकळ्यांवरून. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांना 1896 मध्ये ही कल्पना सुचली. पोलादाचे 102 ठोकळे असे निवडायचे की ते एकमेकांना जोडून सुमारे 20,000 वेगवेगळी मापं मिळावीत. जोडायचे म्हणजे चिकटवायचे नाहीत. दोन स्वच्छ ठोकळे आडवे टेकवून हलकेच दाबत फिरवले की एका क्षणी हाताला कळतं, पकडले गेले. ओढूनही सुटत नाहीत. मुंबईत मात्र त्यांना घामाच्या बोटांचा आणि पावसाळी हवेचा शाप आहे. जुलैत उघडा राहिलेला ठोकळा सकाळी तांबूस ठिपके घेऊन भेटतो, म्हणून काम झालं की पुसायचं, पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा आणि लाकडी पेटीत ठेवायचं.

ठोकळ्यावर लिहिलेलं माप 20 अंश सेल्सिअसला खरं असतं. मे महिन्यातली माझीच एक चूक सांगतो. एका कारखान्यात मी 22 अंशांच्या एसी केबिनमधून 50 मिलिमीटरचा स्लिप घेऊन 34 अंशांच्या शॉपफ्लोअरवर गेलो आणि लगेच त्यावरून प्रोबचं शून्य लावून मोकळा झालो. पोलाद दर मीटरला दर अंशाला सुमारे 11.5 मायक्रॉन वाढतं. हिशेब करा: 50 मिलिमीटरला 12 अंशांचे जवळपास 7 मायक्रॉन. स्लिप थंड, शाफ्ट गरम. दुपारपर्यंत चांगले शाफ्ट 'जाड' म्हणून बाजूला पडत होते. तेव्हापासून स्लिप फिक्श्चरवरच ठेवून तासभर थांबतो. दोन्ही पोलाद एकाच तापमानाला आले की दोघांची वाढ सारखीच होते आणि चूक आपोआप कटते. भाग ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र कटत नाही, कारण ते पोलादाच्या दुप्पट फुगतं.

शून्य आणि शेवटचं टोक अशा दोन जागा जुळवून काम उरकणारे आहेत. मला ते पटत नाही. एलव्हीडीटीची रेघ अगदी सरळ नसते. टोकांकडे कांडी कॉइलच्या बाहेर पडू लागते आणि आकडा वळतो. म्हणून उणे 1 ते अधिक 1 मिलिमीटरमध्ये 0.2 च्या टप्प्याने 11 ठिकाणी वाचन घेतो, आधी चढताना, मग उतरताना. त्यातून निघालेली दुरुस्ती मॉड्यूलच्या स्मृतीत उतरते आणि वीज गेली तरी टिकते. पण ती त्या प्रोबची आणि त्या मॉड्यूलची जोडी असते. घाईत कुणी तिसऱ्याचा प्रोब पाचव्याला लावला तर पडद्यावर काहीच वेगळं दिसत नाही, मापं तेवढी चुकत राहतात. म्हणून मी दोन्हींवर एकच नंबर रंगवून ठेवतो.

माझ्या स्लिपला प्रमाणपत्र आहे ते एनएबीएलची, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं. तिची मापं पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेशी जुळवलेली असतात. आणि तिथला मीटर 1983 च्या व्याख्येप्रमाणे प्रकाशाच्या वेगावर बेतलेला आहे: निर्वातात सेकंदाच्या 29,97,92,458 व्या भागात प्रकाश जितकं अंतर कापतो, तितका. अंधेरीच्या गाळ्यातले पन्नास मिलिमीटर कुणी सांगितले, त्याचं उत्तर या साखळीत आहे.

आणि एक गोष्ट मी कधीच चुकवत नाही. काहीही दुरुस्त करायच्या आधी, प्रोब आहे तसा काय दाखवतोय ते पहिल्या रकान्यात लिहितो. तरुण पोरं म्हणतात, सर, आता नीट करणारच आहोत ना, मग जुनं कशाला? गेल्या खेपेला सातव्या प्रोबसमोर त्या रकान्यात 9 मायक्रॉनची चूक निघाली. प्रोब दहा मिनिटांत नीट झाला. पण त्याच्या हाताखालून गेलेले शाफ्ट अजून गोदामात होते. मॅनेजरने रकाना पाहिला आणि ते खोके पुन्हा उघडायला सांगितले.