प्रीतिसंगमावरचा गारवा

कराडला कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन भेटतात आणि मग काटकोनात वळून पूर्वेकडे वाहू लागतात. दोघींचाही उगम महाबळेश्वरच्या डोंगरात. मात्र वेगवेगळ्या खोऱ्यांतून उतरून त्या एकमेकींना गाठतात त्या इथे. या प्रीतिसंगमाच्या काठावर बाग आहे, यशवंतराव चव्हाण यांची समाधी आहे, आणि एप्रिल-मे महिन्यांत ऊन कलले की घराघरांतून माणसे तिकडे निघतात. तिथे गार वाटते हे कराडकरांना कोणी सांगायला नको. पण या गारव्यामागची कारणे अनेक आहेत, आणि त्यांतले प्रत्येक कारण दिवसाच्या वेगळ्या वेळी काम करते.

शहरांतील बागांच्या तापमानाविषयीच्या जगभरातील नोंदी एकत्र करून ब्रिटनमधील संशोधकांनी २०१० साली एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की, दिवसा बागेतील हवा आसपासच्या वस्तीपेक्षा सरासरी एका अंशाच्या आसपासच थंड असते. हा आकडा वाचून निराश व्हायचे कारण नाही. तापमापक हवेची उष्णता मोजतो, आणि आपल्या अंगाला जाणवणारी उष्णता केवळ हवेतून येत नाही. वरून थेट ऊन पडत असते, आणि पन्नास अंशांच्या पलीकडे तापलेला डांबरी रस्ता, सिमेंटच्या भिंती व पत्रे यांतून अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण सर्व बाजूंनी अंगावर येत असतात. दाट झाडाखाली पाऊल ठेवताच हे दोन्ही मारे एकदम थांबतात, कारण डोक्यावरचे पान स्वतः फारसे तापत नाही. म्हणूनच हवा एखाद्याच अंशाने थंड असली तरी सावलीत येताच जीव थंडावतो. माझ्या मते बागेचा सर्वांत मोठा उपकार हाच आहे.

पान का तापत नाही, हे पाहण्यासारखे आहे. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्त असतो आणि त्यातील बराचसा भाग पान शोषूनच घेत नाही. जी उष्णता शोषली जाते, तिचा मोठा वाटा बाष्पोत्सर्जनात, म्हणजे पानांतून पाण्याची वाफ बाहेर टाकण्यात, खर्च होतो. भर उन्हात एखाद्या पानेदार डहाळीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी बांधून ठेवली, तर थोड्याच वेळात पिशवीच्या आतून बारीक थेंब धरू लागतात आणि पुढे ते ओघळून तळाशी साचतात. हे पाणी मुळांनी जमिनीतून उचललेले आणि पर्णरंध्रांतून, म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, बाहेर पडलेले असते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. मुळांना भरपूर पाणी मिळणारे एखादे मोठे झाड दिवसाला १०० लिटर पाणी सोडू शकते, म्हणजे दीड टनाचे वातानुकूलन यंत्र बारा-तेरा तास चालवून खोलीतून जेवढी उष्णता काढील, तेवढी ते एकटे झाड शोषते. यंत्र ती उष्णता बाहेर गल्लीत टाकते. झाड ती अप्रकट उष्म्याच्या, म्हणजे तापमान न वाढवता दडून राहणाऱ्या उष्णतेच्या, रूपाने वाफेत साठवते. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, त्यामुळे या वाफेने घामेजल्यासारखे होत नाही.

सूर्यास्तानंतर मात्र चित्र पालटते. पर्णरंध्रे बहुतांशी मिटतात, आणि जमिनीतून आकाशाकडे निघालेली उष्णता दाट पानांच्या छताखाली अडते. त्या वेळी मोकळी हिरवळ झाडाखालच्या जागेपेक्षा लवकर निवते. नदीचे पाणी सावकाश तापते आणि सावकाशच निवते, म्हणून दुपारी व संध्याकाळी पाण्यावरून येणारा वारा गार लागतो. पहाटे तेच पाणी हवेपेक्षा उबदार असते. शिवाय नदीच्या पात्रात वाऱ्याला अडवायला इमारती नसतात. तेव्हा दुपारी झाडाखाली, संध्याकाळी घाटावर आणि रात्री हिरवळीवर बसावे. बाग करणाऱ्यांनीही या तिन्ही जागा राखून ठेवायला हव्यात.

झाडाचे हे काम मुळांना पाणी मिळते तोवरच चालते. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले की पावसाचे पाणी मुळांपर्यंत मुरत नाही, हवाही खेळत नाही, आणि तहानलेले झाड पर्णरंध्रे मिटून घेते. वरून ते हिरवेच दिसते, त्यामुळे हे नुकसान पटकन कोणाच्या लक्षात येत नाही. पुराच्या वेळी याच्या उलट अडचण येते. हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायू सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यामुळे चिखलात बुडालेली मुळे गुदमरतात. उंबर, करंज, वाळुंज आणि अर्जुन ही आपल्या नदीकाठची झाडे हा ताण सोसू शकतात. काठावर शोभेची परदेशी झाडे लावण्याआधी त्यांचा विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि झाड तोडावे लागलेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची आहेत. तरतूद चांगली आहे. तरीही साठ वर्षांच्या उंबराच्या जागी साठ रोपे लावली, तरी त्या सर्वांच्या पानांचे क्षेत्रफळ सुरुवातीची कित्येक वर्षे त्या एका उंबराची बरोबरी करत नाही. त्या काळात दुपारची सावली तिथे नसते.