स्युडोमोनास गुळाच्या पाण्यात का वाढवू नये?

आले, मिरी आणि भाजीच्या रोपांसाठी आमच्याकडून स्युडोमोनास फ्लुरोसन्स या रोग रोखणाऱ्या जिवाणूची पावडर नेणारे बागायतदार हल्ली हमखास विचारतात, "एकच पाकीट नेतो, गुळाच्या पाण्यात दोनशे लिटरचं पिंप करतो. चालेल ना?" जिवाणू वाढतील, पण ते औषध बनवतीलच असं नाही.

पाकिटात औषध नसतंच. शंखजिऱ्याच्या पावडरीत जिवंत जिवाणू असतात. मुळांवर वस्ती केल्यावर आमचा वाण डीएपीजी नावाचं प्रतिजैविक बनवतो आणि ते आल्याच्या कंदकुजीतल्या पिथियमसारख्या बुरशींना रोखतं. पण एकटादुकटा जिवाणू या भानगडीत पडत नाही. रापणीचं मोठं जाळं चार माणसांनी ओढून येत नाही, तसंच हे. परदेशात गव्हाच्या मूळकुजीवर झालेल्या अभ्यासात, मुळाच्या दर ग्रॅमला साधारण 1 लाख जिवाणू असतील तरच रोग दबतो, असं दिसलं.

ही गर्दी जिवाणूला कळते ती गॅक-एस या प्रथिनामुळे. ते पेशीच्या पडद्यात असतं. गर्दीबरोबर रासायनिक संकेत वाढला की ते आतल्या गॅक-ए प्रथिनाला फॉस्फेट देऊन कामाला लावतं. त्यातून छोटे आरएनए तयार होतात. एरवी प्रतिजैविकाच्या जनुकांचे संदेश काही प्रथिनं अडवून धरतात. हे आरएनए त्या प्रथिनांनाच पकडतात आणि संदेश मोकळे होतात. याशिवाय फ्ल-एफ नावाचं आणखी एक प्रथिन मूळ जनुकांवरच बसून असतं. थोडं डीएपीजी तयार झालं की तेच त्याला हटवतं आणि उत्पादन वेग घेतं.

आता पिंपाकडे येऊ. गुळाच्या पाण्यात खाणं भरपूर, म्हणून वाढ झपाट्याने होते. अशा वेळी एखाद्या पेशीत गॅक-एस किंवा गॅक-ए च्या जनुकात आपोआप बिघाड होतो. ती पेशी औषध बनवण्याचा खर्च वाचवते, सगळी ताकद वाढीत घालते आणि मूळ वाणाला मागे टाकते. एका पिंपातलं विरजण दुसऱ्यात घालत गेलात तर बिघडलेल्यांचंच राज्य. वर फेस येतो, वासही येतो, म्हणून फसगत होते. शिवाय उघड्या पिंपात बाहेरचे जंतू शिरतात ते वेगळेच.

आम्ही वाढमाध्यम मुद्दाम पातळ ठेवतो आणि त्यात थोडं झिंक घालतो. दोन्हींमुळे बिघडलेल्या पेशी कमी होतात. दर खेपेचा नमुना दुधाच्या अगारवर (जंतू वाढवायच्या, दूध घातलेल्या जेलीवर) टाकून पाहतो. गॅक शाबूत असेल तर वसाहतीभोवती पारदर्शक कडं पडतं, कारण दूध पचवणारं विकरही त्याच यंत्रणेच्या हुकमात असतं. कडं न पडणारी खेप आम्ही विकत नाही.

वापर: आल्याचं बियाणं लावण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पावडर घालून अर्धा तास बुडवा, सावलीत सुकवा. मिरीच्या वेलांना चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून मुळाशी द्या. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण), कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा स्ट्रेप्टोसायक्लिन या जिवाणू मारणाऱ्या औषधांबरोबर कधीही मिसळू नका. सुपारीच्या कोळेरोगावर मात्र हे औषध नाही. तिथे पावसापूर्वी 1 टक्का बोर्डोच फवारा, आम्ही विकत नसलो तरी.

पाकीट उन्हात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. मुदत संपलेलं असेल तर घेऊन या, बदलून देऊ.