शास्त्राद्रूढिर्बलीयसी : सामान्य धर्म आणि आचार यांच्या झगड्याची पार्श्वभूमी

अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच आणि इंद्रियनिग्रह हा चारही वर्णांचा धर्म, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात एका श्लोकात सांगून टाकले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीने त्यात दान, दम, दया आणि क्षमा यांची भर घातली आणि ‘सर्वेषां धर्मसाधनम्’ असे स्पष्ट म्हटले. राज्यकारभारासाठी लिहिलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रातही वर्णाश्रमांची कर्तव्ये सांगून झाल्यावर सगळ्यांसाठी म्हणून अहिंसा, सत्य, शौच, अनसूया, आनृशंस्य आणि क्षमा येतात. या याद्यांवरून फारसे कधी भांडण झाले नाही. भांडण झाले ते विधवेने पुन्हा लग्न करावे का, कुणी कुठल्या तळ्याचे पाणी भरावे, कुणाच्या हातचे खाल्ले म्हणजे प्रायश्चित्त घ्यावे लागते, यांवरून. पहिला तो सामान्य धर्म, दुसरा विशेष. दोघांची गाठ पडली की विशेष नियम सामान्याला बाजूला सारतो, ही मीमांसकांची, म्हणजे वेदवचनांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांची, रीत. अर्थ लावण्यापुरती ती ठीकच होती; समाजात मात्र तिने दयेची बाजू वारंवार लंगडी केली.

असे व्हायलाच हवे होते असे नाही. गौतमधर्मसूत्रात चाळीस संस्कार मोजून दाखवले आहेत आणि त्यांच्या पाठोपाठ आठ आत्मगुण दिले आहेत: दया, क्षांती, अनसूया, शौच, अनायास, मंगल, अकार्पण्य, अस्पृहा. सूत्रकार पुढे म्हणतो की, चाळीसही संस्कार झाले पण हे आठ गुण नसले तर ब्रह्माशी सायुज्य (एकरूपता) नाही. संस्कारांपैकी थोडेच झाले आणि गुण मात्र आहेत, तर आहे. इतके रोखठोक वचन हाताशी असताना नंतरच्या निबंधग्रंथांनी (धर्मवचनांच्या संकलनांनी) पानेच्या पाने खर्ची घातली ती व्रते, श्राद्ध, आशौच आणि तिथिनिर्णय यांवर. देवगिरीच्या यादवांच्या काळातला ‘चतुर्वर्गचिंतामणि’ असो की 18व्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात रचलेला ‘धर्मसिंधु’, भर विधींवरच आहे. मराठी मनाने व्यापक धर्म शोधला तो या पोथ्यांबाहेर, संतांच्या ओव्या-अभंगांत. ‘विश्व स्वधर्मसूर्यें पाहो’ हे मागणे तिथलेच. पण संतांच्या वचनावर कुठल्या धर्मसभेने निवाडा दिला नाही, आणि निवाडा कोण देतो हाच इथला खरा प्रश्न आहे.

धर्माची प्रमाणे मनुस्मृतीत क्रमाने येतात: वेद, स्मृती, सदाचार आणि स्वतःच्या मनाला पटणे. कागदावर आचाराचा नंबर तिसरा. लोकांच्या तोंडी मात्र ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’, म्हणजे शास्त्राहून रूढी बलवान, हे वचन असते आणि व्यवहारही तसाच चालत आला. त्याला शास्त्रात आधार नव्हता असेही नाही. ‘अस्वर्ग्यं लोकविद्विष्टं धर्म्यमप्याचरेन्न तु’, म्हणजे एखादी गोष्ट धर्माला धरून असली तरी लोकांना ती तिरस्करणीय वाटत असेल तर करू नये, असे याज्ञवल्क्यस्मृतीतच आहे. मनुस्मृतीतही याच अर्थाचा श्लोक सापडतो.

सगळा गुंता या ‘लोकविद्विष्ट’ शब्दात आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, साधारण 1100 च्या आसपास, याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ टीका लिहिली गेली. थोरल्या मुलाला वाटणीत जास्त हिस्सा द्यावा असे स्मृतीत असूनही तसे करू नये, कारण ते आता लोकविद्विष्ट झाले आहे, असे टीकाकाराने याच श्लोकाच्या आधारे ठरवले. जोडीला त्याने श्रोत्रिय (वेद शिकलेल्या) पाहुण्यासाठी मोठा बैल किंवा बोकड द्यावा हे जुने वचन दाखवले: तेही शास्त्रात आहे, पण आता कुणी करत नाही. म्हणजे लोकमताचे बोट धरून शास्त्राला अधिक न्याय्य करता येत होते, आणि एका मोठ्या पंडिताने ते करूनही दाखवले. कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टींच्या याद्याही याच विचाराने वाढत गेल्या. त्यांत पुढे पन्नासच्या वर बाबी जमल्या. नियोग (दुसऱ्या पुरुषाकडून अपत्य मिळवणे), मधुपर्कातला (पाहुण्याच्या सत्कारातला) पशुवध, ब्राह्मणाचा समुद्रप्रवास आणि विधवेचा पुनर्विवाह असे सगळे एकाच दावणीला बांधले गेले. काही क्रूर चाली या यादीने बंद केल्या हे मान्य करावे लागते. पण स्त्रीला असलेली एक वाटही तिने त्याच झपाट्यात बुजवली.

1856 साली विधवाविवाहाला कायद्याने मान्यता मिळाली. कायद्याने लग्न वैध झाले, तरी पंक्तीला बसता येईल याची हमी मिळाली नाही. मुंबई-पुण्याकडच्या सुधारकांनी पुनर्विवाहाला उत्तेजन देण्यासाठी मंडळी स्थापन केली आणि जून 1869 मध्ये मुंबईत एका ब्राह्मण विधवेचे लग्न उघडपणे लावले. लगोलग ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचे प्रकरण, उभे राहिले. पुढाकार घेणाऱ्यांवर धर्मपीठाकडून बहिष्कार आला. प्रश्न शास्त्रानेच सोडवावा असे ठरून 1870 मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर वादसभा भरली. दोन्ही बाजूंचे पंच नेमले गेले आणि शास्त्रार्थ अनेक दिवस चालला.

वादाचा कणा होता पराशरस्मृतीतला श्लोक:

नष्टे मृते प्रव्रजिते क्लीबे च पतिते पतौ ।
पञ्चस्वापत्सु नारीणां पतिरन्यो विधीयते ॥

नवरा बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, नपुंसक निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती सांगितला आहे. शिवाय ‘कलौ पाराशरः स्मृतः’, कलियुगासाठी पराशराचीच स्मृती, असे ती स्मृती स्वतःच म्हणते. सुधारकांना याहून भक्कम आधार कुठला हवा होता?

विरोधाची एक फळी व्याकरणाची होती. पाणिनीच्या नियमाने ‘पति’ या सुट्या शब्दाची सप्तमी ‘पत्यौ’ व्हायला हवी. श्लोकात तर ‘पतौ’ आहे. तेव्हा ‘पतिते’पुढे अवग्रह (लोप पावलेल्या ‘अ’ची खूण) धरून ‘अपतौ’ वाचावे. ‘अपति’ म्हणजे जो अजून पती झालाच नाही, फक्त वाङ्निश्चय झालेला वर. अर्थात श्लोक विधवेबद्दल नाहीच, असा हा युक्तिवाद. त्याचे उत्तर श्लोकाच्या शेजारीच होते. लगेच पुढे पराशर पती वारल्यावर ब्रह्मचर्याने राहणाऱ्या स्त्रीचे फळ सांगतो आणि त्यानंतर सहगमनाचे, म्हणजे सती जाण्याचे. पुनर्विवाह, ब्रह्मचर्य आणि सहगमन असे तीन मार्ग ओळीने आले असताना पहिला तेवढा वाग्दत्त मुलीसाठी आणि उरलेले दोन विधवेसाठी, हे संदर्भाला धरून नाही. ‘पतौ’सारखी आर्ष (व्याकरणाच्या नियमांबाहेरची जुनी) रूपे स्मृती-पुराणांत दुर्मिळ नाहीत, हेही सुधारकांनी दाखवले. माझ्या मते श्लोकाच्या अर्थापुरता हा वाद त्यांनी जिंकला होता.

विरोधकांची दुसरी फळी मात्र मजबूत होती: 14व्या शतकात विजयनगरच्या परिसरात झालेले पराशरस्मृतीवरचे भाष्य. हा श्लोक अन्य युगांसाठी आहे, असे भाष्यकार कलिवर्ज्याच्या आधारे म्हणतो. जी स्मृती स्वतःला कलियुगाची म्हणवते तिच्यातले वचन कलियुगाला लागू नाही, हे ऐकताना आज नवल वाटते. पण सभेतल्या शास्त्र्यांच्या लेखी परंपरेने मानलेल्या भाष्याचे वजन मूळ वचनाहून जास्त होते, आणि या सगळ्यामागे लोकविद्विष्टाची भिंत उभी होतीच. पंचांच्या बहुमताने निवाडा पुनर्विवाहाच्या विरोधात गेला.

ज्यांचा तिरस्कार प्रमाण मानला गेला ते लोक कोण? 1820 च्या दशकात कंपनी सरकारने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती विचारून लिहून काढल्या होत्या. पाट किंवा मोहतूर, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, कितीतरी जातींत सर्रास चालतो, हे सरकारदरबारी नोंदलेले होते. पाट बहुधा रात्री लागे. पहिल्या लग्नाचा थाट त्याला नसे आणि मानही थोडा कमी असे. पण त्या बाईचा संसार उभा राही, मुलांना बापाचे नाव मिळे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत जे चालत होते तेच पुण्याच्या सभेत लोकविद्विष्ट ठरले, याचा अर्थ ‘लोक’ म्हणजे वरच्या मोजक्या जातींतले पुरुष. त्या सभेत पाट लावणाऱ्या जातीतला पंच नव्हता, आणि विधवा तर नव्हतीच.

सरकारी न्यायालयांनी आचाराला आणखी वरचे आसन दिले. 1827 च्या मुंबई कायद्याने (रेग्युलेशन 4) कायदे-नियम नसतील तिथे आधी त्या मुलखाची वहिवाट पाहावी आणि मग प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा, असा क्रम लावून दिला. 1868 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायपीठाने) मद्रास इलाख्यातल्या विधवेच्या दत्तकाच्या खटल्यात सांगितले की, हिंदू कायद्यात रूढीचा स्पष्ट पुरावा शास्त्रवचनाहून भारी ठरतो. लोकांच्या तोंडचे वचन आता वरिष्ठ न्यायपीठाचे वचन झाले. मात्र जिथे रूढी बाईच्या बाजूची होती तिथे तिचा तितकासा उपयोग झाला नाही. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क 1856 च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमाने संपत होता. ज्या जातींत पाट आधीपासूनच रूढ होता, त्यांतल्या विधवेलाही हा नियम लागू आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1896 मध्ये ठरवले. अलाहाबादच्या न्यायालयाचे मत उलट होते. सुधारणेचा म्हणून केलेला कायदा शेतकरी-कारागीर घरांतल्या बायकांची जमीन काढून घेणारा ठरला, आणि या गोष्टीची चर्चा सुधारणेच्या इतिहासात फार थोडी होते.

मधल्या काळात ग्रामण्ये थांबली नव्हती. 1890 मध्ये पुण्याच्या एका ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, एवढ्यावरून काही वर्षे धुरळा उडत राहिला. ज्यांनी देशाचे राजकारण चालवले त्यांच्यापैकीही काहींना प्रायश्चित्त घ्यावे लागले.

आचाराला खरा धक्का बसला तो महाडला. 20 मार्च 1927 रोजी अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. सनातन्यांनी पंचगव्याच्या 108 घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले आणि दिवाणी दावा लावला. दाव्याचा पाया वहिवाट हाच होता: अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरणे हीच अनादि काळापासूनची रूढी. त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडमध्ये मनुस्मृतीचे दहन झाले. दहनाची आठवण सगळे ठेवतात, दाव्याचा शेवट थोड्यांना ठाऊक असतो. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचे अपील फेटाळले. रूढी अनादि असल्याचे त्यांना शाबीत करता आले नाही. सत्य, दया, अहिंसा यांपैकी कशाचाही आधार न्यायालयाला घ्यावा लागला नाही. रूढीच्याच कसोटीवर रूढी हरली. समतेचे तत्त्व म्हणून ती हरायला अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे 17वे कलम यावे लागले.

1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीची व्याख्या करताना ती दीर्घकाळ, सातत्याने आणि एकसारखी पाळलेली हवी, शिवाय अवाजवी किंवा लोकनीतीच्या विरुद्ध नसावी, अशी अट घातली. पंचांसमोर होणारा काडीमोड याच कायद्याच्या 29व्या कलमामुळे अजून टिकून आहे. कोर्टात गेले की जातीत तशी रूढी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. बहिष्काराचे प्रकरण मात्र रेंगाळले. 1949 मध्ये मुंबई राज्याने वाळीत टाकण्यावर बंदी आणली. एका मुस्लिम पंथाच्या धर्मगुरूंच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये ती रद्द केली. जातपंचायतींच्या जाचाच्या तक्रारी वाढत गेल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाने 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा मंजूर केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.